काल्दालोनची खडीवाट: आइसलंडच्या वायव्य टोकाला स्वतः गाडी चालवत हिमनदी बघायला जाताना

आइसलंडला जाणारी बहुतेक मराठी मंडळी दक्षिण किनाऱ्यावरची हिमनदी बघून परततात. विमानतळाजवळ गाडी ताब्यात घ्यायची, डांबरी रस्त्याने जायचं, बसगाड्यांनी भरलेल्या वाहनतळावर जागा शोधायची आणि थोडं चाललं की समोर बर्फ. पहिल्या खेपेला ते चांगलंच आहे. पण हिमनदीपर्यंत आपल्या पायांनी, आपल्या गतीने आणि गर्दीशिवाय पोचायचं असेल, तर माझं मत ठाम आहे: वायव्येच्या वेस्टफ्योर्ड्स या द्वीपकल्पात जा आणि काल्दालोनचं खोरं गाठा.

तिथे द्रांगायोकुल आहे. आइसलंडमधली ही पाचव्या क्रमांकाची हिमटोपी, म्हणजे डोंगरमाथा झाकणारा बर्फाचा विस्तीर्ण थर, दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेली. तिचा सर्वांत उंच भागही 1,000 मीटरच्या खालीच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बराच ठेंगणा. एवढ्या कमी उंचीवर बर्फ टिकतो, कारण इथे हिवाळ्यात हिमवर्षाव प्रचंड होतो आणि उत्तरेच्या थंड समुद्रामुळे उन्हाळाही गारच राहतो. आर्क्टिक वृत्त इथून उत्तरेला सुमारे 50 किलोमीटरवर आहे. हिमटोपीची एक जीभ काल्दालोनच्या खोऱ्यात उतरते, आणि त्या खोऱ्याच्या तोंडापर्यंत 635 क्रमांकाचा खडीचा रस्ता जातो.

हा रस्ता अवघड नाही, पण एकाकी आहे. इथे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या मोठ्या गाडीपेक्षा हातात असलेला वेळ जास्त कामाला येतो. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

कधी जायचं, किती दिवस ठेवायचे

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यातही जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा उत्तम. जूनच्या सुरुवातीला खोऱ्यात जुना बर्फ साचलेला असू शकतो, वितळत्या पाण्याने वाट चिखलाची होते. सप्टेंबर सरत आला की वारा, पाऊस आणि लवकर होणारा अंधार हे तिन्ही एकत्र येतात. हिवाळ्यात या रस्त्याचा विचारही करू नका.

रेक्याविकहून एका दिवसात जाऊन परत यायचा बेत मी कुणालाच सुचवणार नाही. नकाशात अंतर आवाक्यातलं दिसतं आणि जूनमध्ये रात्रभर उजेड असतो, म्हणून मोह होतो. पण उजेड आहे म्हणून माणूस दमत नाही असं होत नाही. थकलेला चालक आणि खडीचा रस्ता ही जोडी टाळायची. कमीत कमी तीन दिवस ठेवा: पहिल्या दिवशी वाटेतलं होल्माविक हे गाव गाठायचं, दुसरा पूर्ण दिवस काल्दालोनसाठी, तिसऱ्या दिवशी परतायचं किंवा पुढे ईसाफ्योर्दुर या शहराकडे निघायचं. हवामान बिघडलं तर बदलायला एखादा जास्तीचा दिवस हाताशी असेल तर फारच बरं.

कागदपत्रं आणि परवाना

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे अर्ज आधी करा. गाडीसाठी मूळ वाहन परवाना आणि सोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, दोन्ही घेऊन जा. आपला स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजी अक्षरांत असल्याने तो सहसा चालतो, पण पोलिसांनी थांबवलं किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली, तर दुसरा कागद सोबत असलेला चांगला. गाडी भाड्याने देणाऱ्यांची वयाची अट असते. मोठ्या गाड्यांसाठी ती अट वरची असते, तेव्हा गटातल्या तरुण चालकांनी आरक्षणाआधीच विचारून घ्यावं.

अमेरिकेतून किंवा युरोपच्या मुख्य भूमीतून येणाऱ्या मराठी मंडळींना रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय असतेच. पुण्या-मुंबईहून थेट येणाऱ्यांना ती नसते. विमानातून उतरल्यावर लगेच लांबचा पल्ला मारू नका. पहिली रात्र रेक्याविकमध्ये काढा आणि सकाळी कमी रहदारीत शहराच्या कडेने तासभर गाडी फिरवा. वायपर आणि इंडिकेटरचे दांडे उलट्या बाजूला असतात. शिवाय गाडीचा उजवा भाग किती बाहेर येतो याचा अंदाज बसायला वेळ लागतो, आणि पुढे अरुंद रस्त्यावर नेमका तोच अंदाज कामाला येतो. दोन मार्गिकांच्या गोल चौकात आतल्या मार्गिकेतून बाहेर पडणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा इथला नियम आहे. बाहेरच्या देशातून आलेले चालक नेमके तिथेच गोंधळतात.

गाडी कोणती, विमा कोणता

आइसलंडमध्ये ज्या रस्त्यांच्या क्रमांकापुढे 'एफ' अक्षर असतं, ते डोंगराळ अंतर्भागातले रस्ते. तिथे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी कायद्याने लागते. 635 हा तसला रस्ता नाही, त्यामुळे उन्हाळ्यात साधी गाडीही चालते. तरी मी थोडी उंच गाडी घ्यायला सांगेन. डस्टरसारखी छोटी एसयूव्ही पुरेशी आहे. जमिनीपासून अंतर जास्त असलं की खड्डे आणि सुटे दगड यांची धास्ती कमी होते, आणि शेवटच्या वाहनतळाकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर तर ते फारच उपयोगी पडतं. मोठी कॅम्पर व्हॅन मात्र वाऱ्यात डोकेदुखी ठरते.

आरक्षण करताना तीन गोष्टी लेखी विचारा. पहिली, खडीच्या क्रमांकित रस्त्यांवर गाडी न्यायला परवानगी आहे का. दुसरी, विम्यात काय धरलेलं आहे. मूळ विमा धडक-नुकसानीचा असतो, पण उडालेल्या खडीने फुटलेली काच, दिवे आणि रंग यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. ते घ्याच. या रस्त्यावर त्याचा खर्च वाया जात नाही. मात्र टायर, गाडीचा तळ, वाऱ्याने उलटं उघडलेलं दार आणि पाण्यात घातलेली गाडी, या चार गोष्टी बहुतेक विम्यांत येत नाहीत. करारातलं बारीक अक्षर याच चारांसाठी वाचायचं.

तिसरी गोष्ट स्टेपनी. हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनीऐवजी फेस भरायची बाटली आणि छोटा पंप देतात. खिळा घुसून पडलेल्या भोकाला ते चालतं, पण धारदार खडीने टायरची बाजू चिरली तर त्याचा काही उपयोग नाही. पूर्ण आकाराची खरी स्टेपनी असलेली गाडी मागा. गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून ती बघा, हवा तपासा, जॅक आणि पाना आहे ना ते पाहा, आणि जॅक नेमका कुठे लावायचा ते तिथेच विचारून घ्या. मग गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढा. चारही चाकांच्या रिम, पुढची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बंपरची खालची कड आणि दारांच्या बिजागऱ्या त्यात नीट दिसू द्या. नंतर होणारे वाद याच जागांवरून होतात.

सोबत काय न्यायचं

जुलैतही काल्दालोनमध्ये तापमान आठ-दहा अंशांच्या आसपास असतं आणि वारा ते आणखी बोचरं करतो. लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर, वर फ्लीस, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. जीन्स नको, ती भिजली की वाळत नाही. टोपी, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, मोज्यांचे दोन जादा जोड. चालायची काठी असेल तर उत्तम.

खाण्याचं नीट ठरवून ठेवा. होल्माविकनंतर भरवशाचं दुकान नाही, आणि होल्माविकचं दुकानही संध्याकाळी लवकर बंद होतं. शाकाहारी माणसाची पंचाईत तिथे होतेच. भडंग, बाकरवडी, गुळपोळी, गरम पाणी ओतलं की तयार होणारे पोहे आणि एक चांगला थर्मास एवढ्यावर दिवस मजेत जातो. नळाचं पाणी सगळीकडे पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका. हिमनदीतून येणाऱ्या नदीचं पाणी मात्र बारीक दगडपिठीने गढूळ असतं. ते प्यायचं नाही.

फोनमध्ये त्या भागाचा नकाशा इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून घ्या. डोंगरांच्या सावलीत नेटवर्क जातं. आपत्कालीन सेवेचा क्रमांक 112 आहे, आणि त्याच नावाचं ॲप तुमचं ठिकाण बचाव केंद्राला पाठवतं. तेही आधीच उतरवून ठेवा. प्रवासाचा आराखडा 'सेफट्रॅव्हल' या संकेतस्थळावर नोंदवता येतो. इथलं बचावकार्य स्वयंसेवक करतात. आपली कामं सोडून ही माणसं वादळात बाहेर पडतात, म्हणून त्यांना बोलवायची वेळ येऊ नये एवढी काळजी घेणं हे आपलं काम.

निघायच्या दिवशी सकाळी

चहा हातात घेऊन दोन गोष्टी बघायच्या: रस्ता आणि वारा. रस्ते विभागाच्या 'उम्फेर्दिन' या संकेतस्थळावर प्रत्येक रस्त्याची स्थिती रंगांनी दाखवलेली असते. देशातून 1777 वर फोन केला तरी माहिती मिळते. हवामान खात्याचं संकेतस्थळ 'वेदुर'. त्यावर वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो, आणि आपल्याकडची माणसं तो आकडा वाचून फसतात. 15 हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्याला 3.6 ने गुणलं की ताशी 54 किलोमीटर होतात. 15 च्या पुढे उंच गाडी जपून चालवायची. 20 च्या पुढे अंदाज असेल तर मी होल्माविकमध्येच थांबेन, पोहायला जाईन आणि जादूटोण्याचं संग्रहालय बघेन. सतराव्या शतकात या भागात चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसं जाळली गेली. त्याचा इतिहास तिथे मांडलेला आहे आणि अर्धा दिवस त्याला द्यावा असा तो आहे.

रेक्याविक ते होल्माविक

साधारण 230 किलोमीटर, थांबे धरून चार तास. एक क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की ह्वालफ्योर्दुरचा समुद्राखालचा बोगदा लागतो. 2018 पासून त्याला टोल नाही. बोर्गारनेसला खाऊन-पिऊन घ्या. पुढे 60 क्रमांकाचा फाटा धरून ब्राताब्रेक्काची खिंड ओलांडायची. बूदारदालुरला पंप आणि दुकान आहे. त्यानंतर 61 क्रमांकाने थ्रोस्कुल्दारवरून होल्माविकला उतरायचं. हा टप्पा डांबरी आहे आणि सोपा आहे.

वेगमर्यादा डांबरावर ताशी 90, खडीवर 80, वस्तीत 50. दंड जबर असतात. दिवसाही पुढचे दिवे चालू ठेवणं बंधनकारक आहे. फक्त ऑटोवर ठेवले तर मागचे दिवे कधी कधी लागत नाहीत, म्हणून बटण फिरवून पूर्ण चालूच करा.

होल्माविक हे चारेकशे वस्तीचं मासेमारीचं गाव. इथे टाकी पूर्ण भरायची, अर्धी रिकामी असली तरी. पंपावर माणूस नसतो, कार्ड आणि त्याचा पिन लागतो. नळी हातात घेण्याआधी त्यावरचं नाव वाचा: बेन्सिन म्हणजे पेट्रोल, डीसिल म्हणजे डिझेल. गाडीच्या टाकीच्या झाकणावरही ते लिहिलेलं असतं. गावातल्या माहिती केंद्रात काल्दालोनच्या वाटेची आजची अवस्था विचारून घ्या. त्यांनी सांगितलेलं इंटरनेटवरच्या कुठल्याही जुन्या वर्णनापेक्षा खरं.

खडीवर गाडी चालवणं

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा. होल्माविकहून 61 क्रमांकाचा रस्ता स्टेइनग्रिम्सफ्यार्दारहेइदी या पठारावर चढतो. उंची साडेचारशे मीटरच्या आत-बाहेर, पण खाली ऊन आणि वर दाट धुकं असं सर्रास होतं. पलीकडे उतरलं की ईसाफ्यार्दारद्यूप हा लांबलचक समुद्रफाटा दिसायला लागतो. तिथे 61 सोडून उजवीकडे 635 धरायचा. होल्माविकपासून वाहनतळापर्यंत दीड ते दोन तास धरा. त्याहून लवकर पोचायची गरज नाही.

डांबर संपण्याआधी 'मालबिक एन्दार' अशी पाटी येते. परदेशी चालकांचे कित्येक अपघात याच पाटीपाशी होतात, कारण ताशी 90 वर डांबरावरून थेट खडीवर गेलं की चाकांची पकड एका क्षणात बदलते आणि माणूस घाबरून ब्रेक मारतो. वेग पाटीच्या आधी कमी करायचा. खडीवर चाक पडेल तेव्हा तुम्ही 50 च्या खाली असायला हवं. कायदा 80 म्हणतो, पण या रस्त्यावर 40 ते 60 हाच वेग शहाणपणाचा. वळणांवर त्याहूनही कमी.

खडी म्हणजे सतत हलणारी जमीन. स्टिअरिंग आवळून धरू नका, हात सैल ठेवा, गाडी थोडी डुलेल ती डुलू द्या. वळणाआधीच वेग उतरवा आणि वळणात ब्रेक दाबू नका. मागचं चाक सरकलं तर ॲक्सिलरेटर सोडा, जिथे जायचं आहे तिकडे नजर ठेवा आणि स्टिअरिंग हळुवार तिकडे न्या. एबीएस असलं तरी खडीवर गाडी थांबायला डांबरापेक्षा बरंच जास्त अंतर लागतं. उतारावर आपल्या घाटात करतो तेच करायचं, गाडी गिअरवर उतरवायची. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर किंवा खालच्या गिअरवर टाका.

काही ठिकाणी रस्त्यावर सिमेंटच्या पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. गाडी अशी थरथरते की डॅशबोर्डवरचा फोन घसरून खाली येतो. वेग वाढवला की थरथर कमी वाटते, म्हणून लोक पाय दाबतात. पण तेव्हा चाकं वळ्यांच्या माथ्यावरून उडत असतात, जमिनीला धड टेकतच नाहीत. अशा जागी 30 वर या आणि कंटाळा सहन करा.

समोरून गाडी आली की वेग कमी करून उजवीकडे सरका. काच फोडणारी खडी बहुधा समोरच्या गाडीच्या चाकाखालून येते, आणि दोघांचेही वेग कमी असतील तर ती काचेपर्यंत पोचत नाही. फार उजवीकडेही जाऊ नका, कड भुसभुशीत असते आणि चाक रुतलं की गाडी खाली ओढली जाते. निळ्या पाटीवर 'एम' अक्षर दिसलं की ती साइड द्यायची जागा. फोटो काढायला तिथेही गाडी उभी करायची नाही. काचेला टवका गेलाच तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. घाण आणि ओल आत गेली नाही, तर नंतर ती भरता येते.

'एइनब्रेइद ब्रू' म्हणजे एकेरी पूल. जो पुलाच्या जवळ तो आधी, असा रिवाज आहे. पण थांबून समोरच्याला डिपर देऊन जाऊ दिलं तर काही बिघडत नाही. 'ब्लिंदहाइद' म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ. माथ्यावर नेहमी उजवी कड धरायची, रस्ता कितीही सुनसान वाटला तरी. 'लोकाद' लिहिलेलं असेल तर रस्ता बंद, तिथून मागे फिरायचं.

मेंढ्यांकडे खास लक्ष द्या. उन्हाळाभर त्या मोकळ्या चरतात. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला असं दिसलं की जवळजवळ थांबाच. गाडीचा आवाज जवळ आला की कोकरू आईकडे धाव घेतं, आणि ते तुमच्या चाकासमोरूनच. मेंढीला धडक बसली तर मालकाला कळवणं भाग आहे, आणि भरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते. जून-जुलैमध्ये आर्क्टिक सुरय पक्ष्यांची (इथलं नाव 'क्रिआ') पिल्लं उबदार खडीवर येऊन बसतात. करड्या ठिपक्यांची ती पिल्लं दगडांत मिसळून जातात. वर पक्ष्यांचा गोंगाट ऐकू आला की गाडी पायी चालण्याच्या वेगावर आणा.

आणि रस्ता सोडायचा नाही. एका चाकानेही नाही. रस्त्याबाहेर गाडी नेणं हा इथे गुन्हा आहे, आणि त्याला कारण आहे: इतक्या थंड हवेत शेवाळं इतकं हळू वाढतं की चाकाचा चर पुसला जायला दशकं लागतात.

खोऱ्याच्या तोंडाशी

635 किनाऱ्याने जाताना तुरळक शेतं लागतात. आर्मूली इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिग्वाल्दी नावाचे एक डॉक्टर राहायचे, ते संगीतकारही होते. या खोऱ्यावर त्यांचा एवढा जीव होता की त्यांनी काल्दालोन्स हेच आडनाव घेतलं. त्यांच्या चाली आइसलंडमध्ये आजही गातात. पुढे रस्ता खाडीला वळसा घालतो आणि खोरं एकदम उघडतं: सपाट करड्या वाळूवरून अनेक धारांत विभागलेली मोरित्ला नदी आणि पार मागे पांढरी कड.

वाहनतळाकडे जाणारी वाट ओबडधोबड आहे. गाडीच्या तळाला दगड लागतोय असं वाटलं तर कडेला योग्य जागी गाडी ठेवून चाला. गाडीचं नाक वाऱ्याकडे करून उभी करा. मग दार उघडताना एका हाताने कड आणि दुसऱ्या हाताने कडी धरा, मागच्या सीटवरच्या मुलांनाही हे आधीच बजावून ठेवा. वाऱ्याने दार पुढच्या बाजूला दुमडलं की ते पुन्हा नीट लागत नाही, आणि हे नुकसान विम्याबाहेरचं. स्वच्छतागृह इथे नाही. कचरा सगळा परत न्यायचा.

हिमनदीपर्यंत पायी

वाहनतळापासून हिमनदीच्या टोकापर्यंत जायला साधारण दीड तास, यायला तेवढाच. वाटेवर दगड रचून खुणा केल्या आहेत, पण पायवाट सलग नाही. लहान ओढे उड्या मारत पार करावे लागतात. मोठ्या नदीत मात्र उतरायचं नाही. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, पाणी शून्याच्या जरा वर असतं आणि पाय काही मिनिटांत बधिर होतात. नदी ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं वाटलं, तर मागे येऊन खुणा पुन्हा शोधा. दुपारी ऊन वाढलं की बर्फ वितळून ओढ्यांनाही पाणी चढतं. सकाळी सहज ओलांडलेला ओढा तीन वाजता गुडघ्यापर्यंत येऊ शकतो. सकाळी लवकर निघायला मी सांगितलं ते यासाठीच.

वाटेत दगडमातीचे आडवे बांध लागतात. घाईने ओलांडू नका, एखाद्यावर चढून बसा. ते हिमनदीनेच आणून टाकलेले आहेत. एकेकाळी बर्फ जिथवर आला होता, त्या सीमा त्या बांधांनी आखल्या आहेत. सर्वांत बाहेरच्या बांधावरून आजच्या बर्फाकडे बघितलं की मधलं अंतर डोळ्यांत भरतं. आइसलंडमध्ये हिमनद्यांची टोकं नियमित मोजायचं काम 1930 मध्ये योन एय्थोरसोन यांनी सुरू केलं, आणि काल्दालोनची मोजणीही त्याच दशकापासूनची आहे. ती करत आली आहेत साधी स्थानिक माणसं, त्यांत शेतकरीही. दरवर्षी शरद ऋतूत खुणेच्या दगडापासून बर्फापर्यंत टेप धरायची आणि आकडा लिहून पाठवायचा. आज जगाला हिमनद्यांबद्दल जे कळतं, त्यात अशा माणसांच्या वह्यांचा मोठा वाटा आहे, आणि हे खोरं बघताना मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

या हिमनदीचं वागणंही सरळ रेषेतलं नाही. ती उसळणाऱ्या जातीची आहे. दशकानुदशकं टोक मागे हटत राहतं, वर बर्फ साचत जातो, आणि मग काही वर्षांत सगळा लोंढा खाली घसरून टोक पुढे येतं. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तसं झालं होतं, त्यानंतर ती पुन्हा मागे हटू लागली. एखादं वर्ष टोक पुढे सरकलं म्हणून हिमनदी सुदृढ आहे असं म्हणता येत नाही. एकूण बर्फ घटतोच आहे.

टोकाशी पोचल्यावर पांढरंशुभ्र काही दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. खालचा बर्फ वाळू आणि खड्यांनी काळपट झालेला असतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक खडा आपल्याभोवतीचा बर्फ वितळवत छोट्या खळग्यात बसलेला दिसतो, आणि मोठ्या चपट्या दगडांच्या सावलीतला बर्फ मात्र उंचवट्यासारखा टिकून असतो. भेगांच्या आत निळा रंग. अधूनमधून वरून एखादा दगड सुटतो आणि टक्-टक् करत खाली येतो.

हा आवाज ऐकून लांबच थांबायचं. बर्फाच्या भिंतीपासून निदान पन्नासेक मीटर. हिमनदीवर पाय ठेवायचा नाही आणि टोकाशी बोगदा किंवा गुहा दिसली तर आत डोकवायचंही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये दक्षिणेच्या ब्रेइदामेर्कुरयोकुलवर मार्गदर्शकासोबत गेलेल्या पर्यटकांवर बर्फ कोसळून एकाचा मृत्यू झाला. तिथे निदान सोबत जाणकार होते. काल्दालोनमध्ये तुम्ही एकटे असता आणि मदत यायला तास लागतात. बर्फावर चालायची हौस असेल तर दक्षिणेत काटेरी तळवे, दोर आणि मार्गदर्शक घेऊन ती पुरी करा.

चालताना सुरय पक्षी डोक्यावर झेपावले तर काठी डोक्यापेक्षा उंच धरा. ते सर्वांत उंच गोष्टीवर चोच मारतात. तिथे घरटी आहेत एवढाच त्याचा अर्थ, तेव्हा लांबून वळसा घाला.

काही बिघडलं तर

टायर बसला तर सपाट, कठीण जागा येईपर्यंत अगदी सावकाश पुढे जा. रिम गेली तरी चालेल, पण चढावर किंवा वळणावर जॅक लावू नका. जॅकखाली सपाट दगड किंवा गाडीतलं पायपुसणं ठेवा, नाहीतर तो खडीत रुततो. स्टेपनी लागली की पुढे जायचं नाही, थेट होल्माविक. कारण आता तुमच्याकडे दुसरी नाही. गाडी बंद पडली आणि हवा वाईट असेल तर गाडीतच थांबा. या रस्त्यावर जाणारा प्रत्येक जण विचारपूस करतो. कुणी जखमी असेल तर 112, फक्त गाडीचा प्रश्न असेल तर भाड्याच्या कंपनीचा मदत क्रमांक.

परतीचा प्रवास

खोऱ्यातून दुपारी चारच्या आत निघालात तर पठारावर धुकं आलं तरी होल्माविकला जेवणाच्या वेळेला पोचता. अंगात ताकद असेल तर जवळच्या द्रांग्सनेसला समुद्रकाठची गरम पाण्याची कुंडं आहेत. पाण्यात उतरण्याआधी समोरच्या स्नानगृहात अंघोळ करून जायचं. ईसाफ्योर्दुरकडे जाणार असाल तर वाटेत रेक्यानेसला गरम पाण्याचा 50 मीटर लांबीचा तलाव आहे.

गाडी परत देण्याआधी धुवा. आइसलंडमधल्या बऱ्याच पंपांवर ब्रश लावलेली पाण्याची नळी असते आणि ती फुकट वापरता येते. चाकांच्या कमानीत आणि तळाला चिकटलेला चिखल आधी नुसत्या पाण्याने सोडवा, लगेच ब्रश घासला तर बारीक खडीचे ओरखडे रंगावर उमटतात. मग टाकी भरा, पावती ठेवा, आणि गाडी घेताना काढला होता तसाच व्हिडिओ पुन्हा काढा. रात्री उशिरा किल्ली पेटीत टाकून जायची वेळ आली, तर पार्किंगमधली जागा आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असाही एक फोटो त्यासोबत घ्या.